गल्ल्यातल्या चिल्लरीतून नाणेसंग्रह सुरू केलाय, पुढे काय करू?

चहावाली_ऋतू
नमस्कार. मी नववीत आहे. बिबवेवाडीत आमचं अमृततुल्य आहे. संध्याकाळी क्लासवरून आले की पप्पा जेवून येईपर्यंत गल्ल्यावर मी बसते. निम्मी गिऱ्हाईकं आता मोबाइलवरूनच पैसे टाकतात, तरी चिल्लर येतेच. समोरच्या फुलवाल्या मावशी आणि गल्लीतल्या मारुतीच्या देवळातले काका तर पिशवीच घेऊन येतात आणि नोटा घेऊन जातात.

गणपतीत अशाच एका पिशवीतून दोन रुपयांचं नाणं निघालं, त्यावर शिवाजी महाराज! साल १९९९. नाणं अकरा कोनांचं आहे, मी मोजले. गल्ल्यात दोन रुपये टाकून ते घेतलं आणि तेव्हापासून प्रत्येक नाणं उलटंसुलटं करून बघायचा नादच लागला. पप्पा म्हणतात, गिऱ्हाईक खोळंबलंय आणि तू काय नाण्याशी गप्पा मारतेस. आत्तापर्यंत कॉफीच्या रिकाम्या बरणीत जमलंय ते असं: महाराजांचं ते, संत तुकारामांचं दोन रुपयांचं (२००२), गेंडा असलेले पंचवीस पैसे, अंगठा दाखवणारा रुपया, दहाची दोन (एक संसदेचं, एक आंबेडकरांचं), वैष्णोदेवीचं पाचचं, आणि आजीने दिलेला एक भोकाचा पैसा. त्यावर १९४४ आहे.

आता प्रश्न. महिन्याला शंभर रुपये मला यासाठी मिळतील, जास्त नाही. त्यात अल्बम घेऊ की नाणी? मम्मी म्हणते भोकाचा पैसा पितांबरीने घास, लख्ख होईल. घासू का? दुकानात येणारा एक दादा सांगतो की वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, त्याने मला व्हिडिओपण दाखवला. खरं आहे का? आणि माझा मामा जुन्नरजवळ राहतो. तो म्हणतो तिकडे नांगरताना कधी कधी जुनी नाणी वर येतात, मिळालं तर तुला देतो. घेऊ ना?

जुन्या बाजारात जायचंय पण पप्पा म्हणतात तिथे फसवतात.

छापाकाटा
बाकीचे सविस्तर लिहितीलच. तोवर मम्मीला सांग, पितांबरी देव्हाऱ्यातल्या समईसाठी ठेव. घासलेलं नाणं कुठलाही संग्राहक हातातसुद्धा धरत नाही. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, राख, सगळ्यांना तोच नियम. तांब्यावर चढलेला तो तपकिरी थर नाण्याचं रक्षण करतो. एकदा गेला की परत येत नाही.

निवृत्त_रोखपाल
ऋतू, मी बँकेत रोखपाल होते. नोकरीचा बराचसा काळ काचेमागे बसून दुसऱ्यांची चिल्लर मोजण्यात गेला, पण एकेक नाणं उलटून बघायची मुभा आम्हाला नव्हती. मागे रांग असायची. तुला ती मुभा आहे, तेव्हा सुरुवात कुठून करायची हा प्रश्न तुझ्यापुरता सुटलेलाच आहे. पहिलं वर्षभर एकही नाणं विकत घेऊ नकोस. जे घ्यायचं ते त्याच्यावर छापलेल्या किमतीला, गल्ल्यात तेवढेच पैसे टाकून. तू आपणहून तसंच केलंस, ते मला फार आवडलं.

आता नाणं बघायचं कसं ते सांगते. सगळे जण चित्र बघतात. तू साल बघ, आणि सालाच्या खाली बघ. तिथे बारीकशी खूण असते, ती टांकसाळीची. आपल्याकडे चालू चार टांकसाळी आहेत. चौकटचा आकार असेल तर मुंबई. पाच टोकांची चांदणी असेल तर हैदराबाद (हैदराबादने काही काळ दुभंगलेली चौकट आणि आत ठिपका असलेली चौकटही वापरली, तुला कधीतरी दिसेल). नुसता गोल ठिपका म्हणजे नोएडा. आणि काहीच नसेल तर कोलकाता. म्हणजे एकाच सालाचं, एकाच चित्राचं नाणं चार प्रकारचं असू शकतं. आपल्या भागात मुंबईचा माल जास्त येतो, त्यामुळे चौकट बघून बघून कंटाळशील. चांदणी दिसली की थांब. यासाठी एक भिंग घे, दहापट मोठं दाखवणारं. पहिल्या शंभरातले पैसे त्यावर घाल.

दुसरे पैसे वहीवर. साधी दोनशे पानी, आखीव. साल, किंमत, टांकसाळ, धातू (कळला तर), नाणं कुठून आलं, कधी आलं. शेवटचे दोन रकाने लोक गाळतात. मला विचारशील तर संग्रहाचा निम्मा जीव त्यांच्यातच असतो. महाराजांचं दोनचं नाणं बाजारात कुणाकडेही मिळेल, पण गणपतीत फुलवाल्या मावशींच्या पिशवीतून आलेलं एकच आहे. मावशींच्याच की देवळातल्या काकांच्या, तेसुद्धा आठवतंय तोवर लिहून ठेव. भोकाच्या पैशासाठी तर आजीसमोर बसच. तो दुसऱ्या महायुद्धातला आहे, असे पैसे १९४३ ते १९४७ मध्ये पाडले. धातूची टंचाई होती म्हणून मधलं तांबं काढून घेतलं. आजीला विचार की तिच्याकडे तो कसा उरला. जपून ठेवला होता, की कशात अडकून राहिला होता? आमच्याकडे कुणीतरी तो करगोट्यात ओवलेला बघितल्याचं सांगायचे.

आता काय जमवायचं. तू सांगितलेली यादी वाचून मला वाटलं, तुझा विषय तुझ्याकडे आपोआप आलाय. तुझ्याकडे तुकाराम महाराज आहेत. मग ज्ञानेश्वर माऊली कुठे आहेत? एक रुपयाचं नाणं आहे, १९९९ चं, स्टीलचं. देहू झाली, आळंदी राहिली. लोकमान्य टिळकांच्या जन्माला दीडशे वर्षं झाली तेव्हा पाच रुपयांचं काढलं, तेही शोध. आपल्याच मातीतली माणसं असलेली नाणी इतकी आहेत की शाळा संपेपर्यंत पुरतील, आणि सगळी चलनात आलेली, म्हणजे गल्ल्यात सापडू शकणारी.

दुसरा विषय दहाच्या नाण्यांचा. तुमच्या दुकानात ती नक्कीच साठत असतील, कारण लोक घ्यायला कांकूं करतात. वरच्या किरणरेषा दहा की पंधरा, ₹ चं चिन्ह आहे की नाही, यावरून माझ्यासमोर माणसं भांडलेली आहेत. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये पत्रक काढून सांगितलं की तोवर निघालेली चौदाही प्रकारची दहाची नाणी वैध आहेत. चौदा! त्या पत्रकाने लोकांचं समाधान झालं नाही, पण तुझ्या कामाची यादी मात्र तयार झाली. संसदेला साठ वर्षं झाल्याचं, आंबेडकरांचं तुझ्याकडे आहेच. होमी भाभांचं, काथ्या मंडळाचं, गांधीजी आफ्रिकेतून परतल्याच्या शंभर वर्षांचं, योग दिनाचं, अशी बरीच बाकी आहेत. काथ्या मंडळाचं नाणं का काढावं हे मला आजही उमगलेलं नाही, पण आहे.

बरणीबद्दल. नाणी बरणीत एकमेकांवर घासतात, त्यातून काढ. अल्बम लगेच घेऊ नकोस. स्वस्त अल्बमची पानं मऊ प्लास्टिकची असतात आणि काही वर्षांनी त्या प्लास्टिकमधून चिकट हिरवट काहीतरी सुटतं, ते तांब्याला आणि चांदीला खातं. चौकोनी पुठ्ठ्याचे होल्डर मिळतात, मध्ये पातळ कडक फिल्मची खिडकी असते. नाणं मध्ये ठेवून पुठ्ठा दुमडायचा आणि स्टेपल मारायचे. स्टेपलची टोकं पक्कडीने दाबून सपाट कर, नाहीतर शेजारच्या नाण्याला ओरखडे. पुठ्ठ्यावरच पेन्सिलने साल आणि टांकसाळ लिही. होल्डर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचे. पुण्याचा पावसाळा नाण्यांना सोसत नाही, तेव्हा बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाकत जा. रबर बँड कधीच लावू नकोस, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. नाणं धरायचं ते कडेने, दोन बोटांत.

एक गंमत सांगते, मग थांबते. आपल्या पुण्यात दामोदर धर्मानंद कोसंबी राहायचे. गणिताचे प्राध्यापक, फर्ग्युसनमध्ये शिकवलं, पुढे मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. त्यांनी प्राचीन आहत नाण्यांचा, म्हणजे ठसे ठोकून केलेल्या चांदीच्या नाण्यांचा, अभ्यास तराजूवर केला. विचार साधा होता: नाणं जितके दिवस हातोहात फिरतं तितकं झिजतं, म्हणून एकाच खजिन्यातल्या नाण्यांची वजनं घेतली तर कुठलं आधीचं, कुठलं नंतरचं याचा अंदाज लागतो. हे खरंच तसं होतं का हे तपासायला त्यांनी त्या काळची चालू नाणी ढिगाने तोलली. जुन्या सालांचं सरासरी वजन कमी भरलं, आणि नाण्यानाण्यातला फरकही वाढलेला निघाला. हे तुला घरी करता येईल. जुनी जाड पाचची नाणी आठवतात का, कडेला मधोमध खाच असलेली? १९९२ पासूनची. ती तांबं-निकेलची, नवी असताना बरोबर ९ ग्रॅमची. शंभरावा भाग दाखवणारा छोटा वजनकाटा काहीशे रुपयांना मिळतो, तो वाढदिवसाला माग. १९९२-९३ ची दहा आणि २००२-०३ ची दहा तोल आणि वहीत मांड. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखीपेक्षा बरं.

बुधवार_रविवार
काकूंनी मुळापासून सांगितलंय. मी त्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात वर्षानुवर्षं जाणारा माणूस, त्यामुळे उरलेलं मी घेतो.

आधी लाखांचं. वैष्णोदेवीचं पाचचं आणि दहाचं नाणं २०१२ सालचं. ती भरपूर पाडली, भरपूर फिरली. दर्शनाला जाणारे ती देवाजवळ ठेवतात, म्हणून हाताला कमी लागतात, इतकंच. व्हिडिओतला धंदा वेगळा असतो. तू फोन केलास की समोरचा म्हणतो, "तुमचं नाणं पास झालं, आता नोंदणीचे एवढे भरा, मग जीएसटीचे एवढे." पैसे तू देतेस, ते कधीच देत नाहीत. काहींनी रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून हे केलं, म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेलाच सांगावं लागलं की आमचा अशा खरेदी-विक्रीशी काही संबंध नाही आणि आम्ही कसलंही कमिशन मागत नाही. दुकानातल्या दादाला विचार, तुझ्याकडे असलं तर तू का नाही विकलंस?

त्याचा सख्खा भाऊ म्हणजे १८१८ ची देवाची नाणी. रामदरबार किंवा हनुमान, आणि मागे ईस्ट इंडिया कंपनी, अर्धा आणा किंवा 'यूकेएल वन आणा'. जुन्या बाजारात प्रत्येक तिसऱ्या पथारीवर सापडतील. कंपनीने राम-हनुमान असलेलं नाणं कधीही पाडलेलं नाही. ही सगळी नंतर बनवलेली टोकनं. काही महाभाग त्यातून तांदूळ ओढणारं नाणं वगैरे सांगून लोकांना लाखांना बुडवतात. कंपनीचं खरं नाणं हवंच असेल तर १८३५ चा तांब्याचा पाव आणा बघ. तो इतका निघाला होता की आजही झिजलेला शंभर-दोनशेत मिळून जातो.

इथे माझं काकूंशी जरा वाजतं. वर्षभर काही विकत घेऊ नकोस हे मला पटत नाही. गल्ल्यात बसून ही पोरगी फार तर १९९० च्या आसपास पोचेल, आणि राहते कुठे? पुण्यात! एक झिजलेली दुदांडी शिवराई, म्हणजे मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं, घे. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति', मधे आडव्या दोन रेघा, त्या रेघांवरून दुदांडी. ही महाराजांच्या काळातली असते असं कुणी सांगितलं तर मान हलवायची, पण पैसे उशिराच्या नाण्याच्या हिशेबानेच द्यायचे. राज्याभिषेकापासून, म्हणजे १६७४ पासून शिवराई पाडायला लागले ते पेशवाईत चालू राहिलं, इंग्रज आल्यावरही ती बाजारात फिरत होती. दुदांडी त्यातली उशिराची. पण मंडईत भाजी घ्यायला हेच नाणं चालायचं हे हातात धरल्यावर जे वाटतं, ते योग दिनाच्या दहाच्या नाण्याने वाटणार नाही. माफ करा काकू.

सोन्याचा होन मात्र कुणी दाखवला तर बघायचा, हसायचं आणि पुढे व्हायचं. अस्सल फारच थोडे उरलेत आणि ते पथारीवर येत नाहीत.

चांदीचा राणीछाप किंवा राजाचा रुपया इतक्यात घेऊ नकोस, खोटे फार आहेत. तरी कधी हातात आला तर दोन गोष्टी बघ. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. दुसरं, लोहचुंबक. चांदीला चुंबक चिकटत नाही. १९४७ चा रुपया, ज्याच्या मागे वाघ आहे, तो चिकटतो, कारण तो निकेलचा. त्याला खोटा समजून परत करणारे मी पाहिलेत, आणि तोच रुपया चांदीचा म्हणून विकणारेही. चुंबक खिशात टाकून ये. तुझ्या बरणीतल्यांनाही लावून बघ: गेंडा चिकटेल, महाराजांचं दोनचं चिकटणार नाही.

आता मामाचं, हे मात्र गंभीर आहे. जुन्नर म्हणजे सातवाहनांचा मुलूख, नाणेघाटाची वाट तिथूनच उतरते, तेव्हा मामा थापा मारत नसणार. पण जमिनीत सापडलेला ठेवा ठेवून घ्यायचा नसतो. १८७८ चा निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचा, कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनं नाणं हे कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते देशाबाहेर नेता येत नाही आणि त्याचा धंदा करायचा तर परवाना लागतो. कायदा बाजूला ठेव, पण बघ. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे क्षत्रप राजा नहपानाची चांदीची नाणी सापडली, १३ हजारांच्या वर. त्यातल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. ती सगळी एकत्र राहिली म्हणून कळलं की कोणी कोणाला हरवलं. मूठ मूठ करून भाच्यांना वाटली असती तर काय कळलं असतं? मामाला सांग, काही आलं तर ते हलवू नको, फोटो काढ आणि तलाठ्याला सांग.

जुन्या बाजारात रविवारी सकाळी पप्पांना घेऊन ये. पहिल्या खेपेला काहीही घ्यायचं नाही, नुसतं बघायचं. भाव विचारायचा आणि सोडून द्यायचं. तुझ्या हातात वही दिसली की विक्रेतेही जरा सरळ बोलतात.

छापाकाटा
जोडतो. कर्वे रोडला कॉइनेक्स म्हणून नाण्यांचं प्रदर्शन भरतं, त्याच्या तारखांवर लक्ष ठेव. तिथे व्यापारीही असतात आणि नुसता संग्रह मांडणारेही. या दुसऱ्या लोकांशी बोल, त्यांना विचारणारं कुणी हवंच असतं. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळाकडे नाण्यांचा संग्रह आहे. सहल नाशिकला गेली तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणकशास्त्राची संस्था आहे, तिथलं संग्रहालय बघच. सर बहुतेक नाही म्हणतील, तरी विचार.

निवृत्त_रोखपाल
बुधवार_रविवार, माफी कशाला? शिवराईचं पटलं. फक्त ती शंभरात बसत नाही, तेव्हा ऋतू, दोन-तीन महिन्यांचे साठव आणि एकच घे, अक्षरं वाचता येतील अशी. गुळगुळीत गोटा घेऊ नकोस, मग तो कितीही स्वस्त देऊ दे. बाकी वर्षभर गल्ल्यावरच, हे मी सोडत नाही. विकत घ्यायला लागलं की नजर नाण्याच्या आधी किमतीकडे जाते, आणि पंधराव्या वर्षी ती तिकडे जाऊ नये.

आणि एक. गल्ला कमी पडला तर बँकेत जा, पप्पांना घेऊन. नोट द्यायची आणि चिल्लर मागायची. शंभर-शंभर नाण्यांच्या पिशव्या असतात. घरी आणून सगळी बघायची, हवी ती काढायची, उरलेली दुकानात सुट्टे म्हणून चालतातच. तुमचा धंदाच असा आहे की काही वाया जात नाही.

चहावाली_ऋतू
सगळ्यांना खूप थँक्यू. भोकाचा पैसा घासला नाही. मम्मी म्हणाली बरं बाई.

आजीला विचारलं. तिच्या आईने पाळण्याच्या खेळण्याला बांधला होता, आजीच्याच पाळण्याला. म्हणून उरला. वहीत लिहिलं, आणि तारीख माहीत नाही म्हणून तिथे आजीचं जन्मसाल टाकलं.

पिशवी मावशींची होती, विचारून आले. वैष्णोदेवीच्या दादाला विचारलं तुझं का नाही विकलंस, तर तो म्हणाला प्रोसेसमध्ये आहे. 😂 त्याने आधीच काही पैसे भरलेत. पप्पा आता त्याच्याशी बोलणार आहेत.

मामाला फोन केला. तो थोडा गप्पच झाला, मग म्हणाला सांगतो तलाठ्याला.

दोन शंका आहेत. भिंग आणलं. बरणीबाहेरची सगळी चिल्लर बघितली तर एक रुपया निघाला, १९८५ चा, मोठा, त्याच्या सालाखाली इंग्रजी एच आहे. काकूंनी सांगितलेल्या चारांत एच नाही. आणि दुसरी शंका, काही नाण्यांवर सालाखाली काहीच नाही. ती कोलकात्याची की खूण झिजून गेलेली, हे कसं ओळखायचं?

छापाकाटा
एच! इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची हीटन टांकसाळ. त्या वर्षी आपल्या टांकसाळींना मागणी झेपेना म्हणून काही रुपये बाहेरून पाडून आणले. पुढे नव्वदच्या दशकातही असं झालं, मेक्सिकोत पाडलेल्यांवर वर बारीक शून्य असलेला एम दिसेल. एचचं नाणं दुर्मीळ नाही, लाख सोड, शंभरही मिळणार नाहीत. पण गल्ल्यात बर्मिंगहॅम सापडलं की! होल्डरात घाल.

निवृत्त_रोखपाल
ऋतू, त्या दादाकडे पप्पांनी लक्ष घातलं ते उत्तम. १९३० वर सायबर तक्रार करता येते, तेही सांग त्यांना. जेवढ्या लवकर, तेवढं बरं.

दुसऱ्या शंकेचं. नाणं उजेडात तिरकं धर आणि सालाचे आकडे बघ. आकड्यांच्या कडा उठावदार असतील आणि खालची जागा सपाट, चकचकीत असेल, तर कोलकाता. आकडेच गुळगुळीत झाले असतील, तर खूण असूनही गेलेली असू शकते. अशा वेळी वहीत टांकसाळीच्या रकान्यात प्रश्नचिन्ह काढायचं आणि पुढे जायचं. उगाच कोलकाता लिहायचं नाही. त्याच सालाचं बरं नाणं मिळालं की झिजलेलं परत गल्ल्यात.

आजीच्या पैशाचं मात्र झिजलेलं असलं तरी बदलू नकोस, कुणी कोरा करकरीत दिला तरी.

चहावाली_ऋतू
नाही बदलणार. काकू, गेंड्याच्या पंचवीस पैशांवर सालाखाली गोल ठिपका आहे. म्हणजे नोएडा ना?

निवृत्त_रोखपाल
नोएडा. लिही.